जाड दांडा आणि मुठीचे बळ

परभणी जिल्ह्यातील पालमच्या परिसरात काय किंवा गोदावरीच्या खोऱ्यात अन्यत्र काय, बळकट माणसाची पारख त्याने किती उचलले यावरून होते. कशाला धरून उचलले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्वारीचे पोते, मारुतीच्या देवळापुढील गोल दगड आणि व्यायामशाळेतील लोखंडी दांडा ही तिन्ही समान वजनाची असली, तरी उचलणाऱ्याच्या शरीराला ती समान नसतात. दांड्याला मूठ बसेल अशी जागा मुद्दाम ठेवलेली असते. पोत्याला आणि दगडाला ती नसते. या एका फरकामुळे पाठीच्या बळाची म्हणून घेतलेली परीक्षा पुष्कळदा बोटांचीच परीक्षा ठरते.

जमिनीवरील भार उभे राहून मांडीपर्यंत उचलणे, म्हणजे ज्यास ‘डेडलिफ्ट’ म्हणतात तो प्रकार, मुख्यतः नितंब, मांड्या व पाठ यांचा होय. हात त्यात केवळ दोरीचे काम करतात आणि बोटे त्या दोरीच्या टोकाची आकडी बनतात. स्पर्धेतील दांड्याचा व्यास २८ मिलिमीटरच्या आसपास असतो. इतक्या दांड्याभोवती बोटे पुरी वळतात आणि अंगठा त्यांच्यावर येऊन कडी घालतो. व्यास ५० मिलिमीटर केला, की त्रिज्या १४ वरून २५ मिलिमीटर होते. भाराची रेषा बोटांच्या सांध्यांपासून तितकी दूर जाते आणि बोट उघडू पाहणारा जोर वाढतो. बोटे मिटविणाऱ्या कंडरांची सांध्यापाशी असलेली तरफ मात्र जवळजवळ तेवढीच, म्हणजे सुमारे एका सेंटिमीटरची, राहते. भरीस भर म्हणजे अंगठा बोटांपर्यंत पोचत नाही आणि कडी उघडीच राहते.

येथे एका गोष्टीचा घोटाळा होऊ देता कामा नये. नुसते आवळावयाचे असेल, तर मूठ ३ ते ४ सेंटिमीटर व्यासाच्या दांड्यावर सर्वांत जोरकस चालते, असे सामान्यतः आढळते. परंतु आवळणे वेगळे आणि लोंबता भार धरून ठेवणे वेगळे. दुसऱ्या कामात जोरापेक्षा मुठीचे बंद होणे महत्त्वाचे असते, म्हणून तेथे बारीक दांडाच सोयीचा ठरतो. स्प्रिंगचे मापक दाबून मिळालेल्या आकड्यावरून जाड दांड्यावरील सामर्थ्याचे अनुमान काढणे, म्हणूनच, धोक्याचे आहे.

दांडा जाड केल्याने उचलण्याच्या क्रियेत किती घट होते, हे अमेरिकेतील एका प्रयोगात मोजले गेले. दोन इंची दांड्यावर डेडलिफ्टची कमाल मर्यादा चतुर्थांशाहून अधिक घसरली, तीन इंचीवर निम्म्याहून अधिक. छातीवरून भार वर ढकलण्यात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाठ तीच, मांड्या त्याच. उणी पडली ती मूठ.

फ्रान्समधील अपोलाँ या बलवंताच्या आगगाडीच्या चाकांची कथा यासाठीच उद्बोधक आहे. त्याच्या आसाचे वजन ३६६ पौंड, म्हणजे सुमारे १६६ किलोग्रॅम. वजन म्हणून ते अद्भुत नव्हे. अडचण होती ती ४९ मिलिमीटर जाडीची आणि चाकांमध्ये न फिरणाऱ्या आसाची. १९३० साली शार्ल रिगुलो यांनी आणि १९४९ साली पॅरिस येथे जॉन डेव्हिस यांनी तो डोक्यावर नेला. ऑलिंपिक विजेत्या डेव्हिस यांनाही एक तळहात पुढे व दुसरा मागे करून आस उचलावा लागला आणि वर येता येता एका हाताची पकड बदलावी लागली. तळहात असे परस्परविरुद्ध ठेवले म्हणजे एका हातातून दांडा ज्या दिशेने घरंगळतो, ती दुसऱ्या हाताच्या मुठीत शिरण्याची दिशा असते.

महाराष्ट्रातील कुस्तीशी याचा संबंध वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा घेर सुमारे १५७ मिलिमीटर भरतो. प्रौढ पुरुषाच्या मनगटाचा घेरही साधारणपणे १६ ते १७ सेंटिमीटर असतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरणारा पैलवान वस्तुतः जाड दांडाच धरीत असतो, आणि तोही घामाने निसरडा व सतत निसटू पाहणारा. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव किंवा १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’साठी झुंजणारे मल्ल यांच्या मुठी या कामावरच तयार झाल्या. मल्लखांब त्याहूनही जाड. तेथे मुठीचा उपयोग संपतो आणि मिठीचा आरंभ होतो. (‘पकड’ हा एकच शब्द दोहोंस वापरण्याची भाषेची सवय अभ्यासकाला थोडी अडचणीचीच.)

या विषयाला व्यायामशाळेबाहेरही महत्त्व आहे. १७ देशांतील १,३९,६९१ प्रौढांच्या, भारतीयांसह केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुठीचे बळ दर ५ किलोग्रॅमने कमी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. मूठ येथे कारण नसून शरीराच्या एकंदर स्थितीची खूण आहे. तेव्हा केवळ मूठ आवळण्याच्या व्यायामाने आयुष्य वाढेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. मात्र शेतमजुराची मूठ मोजताना साधनाच्या दांड्याची जाडी व हाताचा आकार यांची नोंद नसेल, तर लहान हाताच्या स्त्रीला दुर्बल ठरविण्याची चूक सहज घडते.

जाड दांड्याचा सराव करावयाचा झाल्यास तो मुख्य भार उचलून झाल्यानंतर आणि हलक्या वजनाने करणे बरे. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळावतात, आणि आरंभीच मूठ थकविली तर पाठीला तिचे पुरेसे काम मिळत नाही. बाजार समितीतील हमालाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे: पोते मुठीत मावत नाही, म्हणून त्यात तो लोखंडी आकडा रुतवितो आणि त्याची बारीक मूठ हातात धरतो.