मोटरीचे जोड हाताशी ठेवा



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी आणि तण यांवर लिहावे; विजेच्या तारांवर कशाला, असे कुणाला वाटेल. पण उन्हाळ्यात गटातून फिरताना जे प्लॉट सुकलेले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विहिरीत पाणी असते, लाईट असते, मोटरही धड असते. सगळे अडलेले असते ते एका जोडापायी. आणि तो जोड अशा जागी असतो, की वायरमन येऊनही त्याचा हात तिथे पोचत नाही. म्हणून या अंकापुरता माझा नेहमीचा विषय बाजूला ठेवतो.

मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस, वायरमन नव्हे. तारा कशा जोडाव्यात हे शिकवण्यासाठी हा लेख नाही. ते काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचे. पण त्या माणसाला नीट उभे राहून, कोरड्या जागेवर, दोन्ही हातांनी काम करता येईल अशी सोय करणे हे मालकाचे काम आहे. शेड आपण बांधतो, खांब आपण रोवतो, आणि "पेटी इथं ठोक" हेही बहुतेक वेळा आपणच सांगतो.

यात उसाचे काय जाते ते आधी बघा. जानेवारीत लावलेला सुरू ऊस एप्रिल-मे महिन्यांत फुटव्यावर असतो. उन्हाळ्यात त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. मोटर पाच-सहा दिवस बंद राहिली की तीच पाळी पंधरा दिवसांवर जाते, मग फुटवे मरतात. मेलेला फुटवा पुढे कितीही युरिया टाकला तरी परत येत नाही. आडसालीचे नुकसान लगेच डोळ्यांना दिसत नाही. तोडणीच्या वेळी आखूड कांड्या मोजल्या की समजते.

न दिसणारा स्क्रू कुणी आवळत नाही

मोटर जळाली की आपण व्होल्टेजला शिव्या देतो. पुष्कळदा व्होल्टेज खरेच कमी असते, ते नाकारत नाही. पण दुसरे कारण आपल्याच पेटीत असते. मोटर चालू-बंद होताना जोड तापतो आणि निवतो, पंपाचा हादरा बसतो, आणि स्क्रू हळूहळू ढिला होतो. तार ॲल्युमिनियमची असेल तर जास्तच, कारण हा धातू दाबाखाली पसरतो. आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षाने सैल लागतो. ढिला जोड तापतो, काळा पडतो, आणि एक दिवस तिथला फेज तुटतो. मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते, जास्त करंट ओढते आणि कॉइल जळते. रिवायंडिंगचे बिल आपण भरतो. मूळ दुखणे असते एका स्क्रूचे.

हा स्क्रू वर्षातून दोनदा आवळायला पाच मिनिटे पुरतात. तरी तो का आवळला जात नाही? कारण पेटी भिंतीच्या कोपऱ्यात, तिच्यापुढे औषधाचा पंप, खताची पोती आणि पाइपांचा ढीग. झाकण उघडते ते पोत्यावर आपटते. मोटरीचा टर्मिनल बॉक्स तर भिंतीच्या बाजूला आणि भिंत वीतभर अंतरावर. एका शेडमध्ये मी असे पाहिले, की वायरमन मोटरीवर पालथा पडून, एका हातात आरसा धरून, दुसऱ्या हाताने नट फिरवत होता. नट खाली पडला तो सापडला नाही. त्या दिवशी मोटर सुरू झाली नाही ती नटापायी.

विजेच्या जुन्या नियमांत, म्हणजे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत, याबाबत एक शहाणपणाची अट होती. २५० व्होल्टच्या वरच्या स्विचबोर्डापुढे तीन फूट मोकळी जागा हवी. आणि बोर्डाच्या पाठीमागे उघडे जोड असतील, तर मागची जागा एक तर नऊ इंचांपेक्षा कमी हवी, नाही तर तीस इंचांपेक्षा जास्त. मधली चालणार नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे कोडेच वाटले. नऊ इंचांत माणूस शिरतच नाही, तीस इंचांत तो शिरून काम करून बाहेर येऊ शकतो. धोका असतो तो अठरा इंचांत. तिथे माणूस कसाबसा शिरतो, पण झटका बसला तर मागे सरकायला जागा नसते. पुढे २०१० च्या नियमांत हीच अट मीटरमध्ये आली: पुढे एक मीटर, मागे वीस सेंटिमीटरच्या आत किंवा पंचाहत्तरच्या वर. आपला तीन फेजचा पुरवठा ४१५ व्होल्टचा, म्हणजे ही अट आपल्याही शेडला लागू पडते. आपल्या शेडमध्ये जाऊन टेपाने मोजून बघा.

मोटर बसवताना टर्मिनल बॉक्स मोकळ्या बाजूला येईल असा पाया घ्यावा. बऱ्याच मोटरींच्या बॉक्सचे बोल्ट काढून तो फिरवता येतो आणि केबलचे तोंड दुसऱ्या दिशेला वळवता येते. बसवणाऱ्याला आधीच विचारा. काँक्रीट भरल्यावर विचारून उपयोग नाही. स्टार्टरची पेटी छातीच्या उंचीवर असावी, झाकण दारासारखे पुढे उघडावे, आणि आत केबलला वळण घ्यायला जागा असावी. लहान पेटी स्वस्त पडते, पण जाड केबल तिच्यात कोंबली की तारेचा ताण सगळा स्क्रूवर येतो. शिवाय प्रत्येक टोकाला हातभर केबल वळसा घालून जादा ठेवावी. टोक जळाले तर तेवढे कापून पुन्हा जोडता येते. केबल ताणून बसवलेली असेल तर चार बोटे तार कमी पडते, मग मध्ये तुकडा, त्या तुकड्याला दोन जोड, त्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीखालचा जोड ना डोळ्यांना दिसतो ना हाताला लागतो.

पेटीची भोकेही बुजवावीत. न बुजवलेल्या भोकातून पाल, मुंग्या आणि गांधीलमाश्या आत जातात. पेटी उघडताच तोंडावर गांधीलमाशी आली तर वायरमन काय काम करणार?

सहा तारा, एकच रंग

स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटरीकडून सहा तारा येतात. जुन्या मोटरींवर त्यांच्या खुणा ए१-ए२, बी१-बी२, सी१-सी२ अशा असतात. नव्यांवर यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२. मोटर दुरुस्तीला नेताना पोरे या सहाही तारा खटाखट सोडतात, आणि परत आणल्यावर कुठली कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. मग अंदाजपंचे जोडणी होते आणि मोटर पहिल्याच झटक्याला घुरघुरते. यावर उपाय फुकटचा आहे. तारा सोडण्याआधी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी किंवा नंबराचा छल्ला अडकवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवा. आता तर सगळ्यांच्या खिशात फोन आहे, फोटो काढून ठेवा. तरी झाकणाआतला कागद हवाच, कारण फोन पोराच्या खिशात आणि पोरगा कॉलेजला, असे नेहमी होते.

विहिरीत उतरून जोड नको

आपल्याकडच्या जुन्या विहिरींवर मोटर आतल्या कट्ट्यावर बसवलेली असते आणि केबलचा एखादा जोड निम्म्यावर, कपारीत खुंटीला बांधलेला असतो. तो दुरुस्त करायला माणूस कमरेला दोर बांधून उतरतो. पाय शेवाळावर, एक हात दोराला, एका हातात पाना. दर उन्हाळ्यात अशा कामात माणूस गेल्याची बातमी कुठून तरी कानावर येते, आणि तो बहुतेक वेळा वायरमन नसून घरचाच कुणीतरी असतो. केबल मोटरीपासून काठावरच्या पेटीपर्यंत अखंड घ्यावी. मध्ये एकही जोड नको. मग सोडायचे ते काठावर उभे राहून सोडायचे, आणि मोटर केबलसकट वर ओढायची. केबलचे दोन पैसे जास्त जातात ते जाऊ द्या.

बोअरमधल्या पाणबुडी पंपाचे थोडे वेगळे. मोटरीची आखूड शेपटी आणि लांब केबल यांचा जोड पाण्यातच राहणार, त्याला इलाज नाही. म्हणून तो एकच असावा, पंप सोडण्याआधी वर जमिनीवर नीट करून घ्यावा, आणि त्यानंतर बोअरमध्ये दुसरा जोड नसावा. बोअरच्या तोंडाशी कमरेच्या उंचीवर कनेक्टरची पेटी ठेवली, की बिघाड वरचा आहे का खालचा, हे पंप न उपसता मीटर लावून कळते.

जमिनीखालून केबल नेली असेल तर ती पाऊण मीटर खोल आणि पाइपातून असावी, म्हणजे नांगराच्या फाळापासून वाचते. जिथे जोड द्यावाच लागला, तिथे विटांचे चौकोनी खोके बांधून वर फरशी टाकावी आणि शेजारी दगड रोवून खूण करावी. पाचटाखाली उघड्यावर पडलेली केबल तोडणीवाल्याच्या कोयत्याला सापडते. आणि पाचट पेटवू नका असे मी कितीही सांगितले तरी काहीजण पेटवतातच, त्यांची केबलही त्यात जाते.

पुराच्या पट्ट्यातले सभासद

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या सभासदांची अडचण उलटी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर अनेकांनी पेट्या खांबावर दहा-बारा फूट उंच नेल्या. पाण्यापासून वाचल्या, पण माणसालाही दुरावल्या. आता ओल्या चिखलात शिडी लावून, एका हाताने खांब धरून काम चालते. उंच न्यायचीच असेल तर खाली लोखंडी माची, पायऱ्या आणि धरायला कठडा करून घ्या. नाहीतर पेटी छातीच्या उंचीवरच ठेवा, पण दोन बोल्टवर टांगलेली आणि मोठ्या प्लग-सॉकेटने जोडलेली, म्हणजे पाणी चढायला लागले की काढून घरी नेता येते. त्यात एक गोष्ट वायरमनकडून बजावून करून घ्या: पुरवठ्याच्या बाजूला भोके असलेले सॉकेट हवे, पिना मोटरीच्या बाजूला. उलटे झाले तर काढलेल्या पिनांत वीज जिवंत राहते. सॉकेट मात्र पुराच्या रेषेवर असावे, आणि पाणी चढण्याआधी लाइनमनला सांगून डीपीवरून पुरवठा बंद करून घ्यावा.

हात घालण्याआधी

जोड हाताशी आणले म्हणजे ते चुकूनही हाताला लागतील, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून पेटीला झाकण आणि कडी हवी, लहान पोरांना उघडता येऊ नये. मेन स्विच पेटीजवळच, काम करणाऱ्याच्या नजरेसमोर असावा. दोनशे फुटांवर दुसऱ्या खोलीत असला तर कुणीतरी येऊन तो चालू करतो. स्विच पाडून किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, ही जुन्या वायरमनची पद्धत अजूनही चांगली आहे.

त्याहून मोठा धोका ऑटोचा. लाईट गेली म्हणून माणूस पेटीत हात घालतो, लाईट येते आणि ऑटो मोटर सुरू करतो. जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे हे अंधारात घडते. नुसता ऑटो बंद करणे पुरेसे नाही, मेन पाडलाच पाहिजे. कपॅसिटर बसवलेला असेल तर मेन पाडल्यावरही त्यात वीज काही वेळ साठून राहते, त्यामुळे वायरमनने तो उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. सोलर पंपवाल्यांनी तर समजून घ्यावे, की पॅनेलवर ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी तार जिवंतच असते; तिचा स्विच कंट्रोलरजवळ हाताशी असावा. रात्रीच्या कामासाठी पेटीच्या वर एक हूक ठोकून ठेवा, बॅटरी टांगायला. नाहीतर वायरमन ती दातांत धरतो.

अर्थिंगचा जोडही असाच विसरला जातो. पाइप पुरला, वर माती ओढली, त्यावर गवत उगवले. जोड गंजून तुटला तरी पत्ता लागत नाही. तोंडाशी विटांचा लहान हौद आणि उचलता येईल असे झाकण ठेवा. त्यातून पाणी ओतता येते आणि जोड बघता येतो.

हे सगळे करायला चांगला वेळ म्हणजे पावसाळ्यात मोटरी बंद असतानाचा. त्या दिवसांत वायरमनही निवांत भेटतो. एप्रिलमध्ये तो तुमच्या वाट्याला तासभरसुद्धा येत नाही. पुराच्या पट्ट्यातल्या सभासदांनी मात्र मेअखेरच उरकावे. नवीन शेड बांधणार असाल तर वायरमनला भिंतीआधी जागेवर बोलवा, जमिनीवर चुन्याने मोटर आणि पेटी आखून घ्या, आणि त्याला तिथे उकिडवे बसून, उभे राहून दाखवायला सांगा. त्याची कोपरे मोकळी हलली की मग गवंड्याला निरोप द्या.