अटक-नोंदी व तुरुंगप्रवेश-नोंदी, अमेरिकन काउंटीतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या व्यक्तीस अटक केल्यावर आणि तिला स्थानिक तुरुंगात दाखल करून घेताना जी अधिकृत टिपणे केली जातात, त्यांना अनुक्रमे अटक-नोंद व तुरुंगप्रवेश-नोंद असे म्हणतात. दुसऱ्या नोंदीस तेथे ‘बुकिंग’ ही संज्ञा रूढ आहे. नोंदवहीत अटकेतील व्यक्तीचे नाव चढविण्याच्या जुन्या प्रथेवरून ती आली. बहुतेक राज्यांत या नोंदींतील मूलभूत तपशील सार्वजनिक अभिलेख मानला जातो व तो पाहण्याचा हक्क नागरिकांस असतो. हा हक्क प्रत्यक्षात कसा बजावता येतो, हे पुष्कळसे त्या त्या राज्याच्या कायद्यावर व काउंटीच्या साधनसामग्रीवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत टेक्सस राज्यातील ग्रामीण काउंट्या हे प्रमुख उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी : शासनाने कोणास पकडले व कोठे ठेवले हे लोकांस कळले पाहिजे, हे तत्त्व इंग्लिश कायद्यातून अमेरिकेत आले. इंग्लंडमधील १६७९ च्या बंदीप्रत्यक्षीकरण अधिनियमाने बंदिवानास न्यायालयापुढे आणून त्याच्या अटकेचे कारण दाखविण्याची पद्धत पक्की केली. कैदेत कोण आहे हेच बाहेर कळले नाही, तर या उपायाचा उपयोग होत नाही. म्हणून अटकेची नोंद उघड ठेवणे हे मूलतः अटकेतील व्यक्तीच्या संरक्षणाचे साधन होय. कालांतराने तिला आणखी दोन प्रयोजने प्राप्त झाली : पोलिसांच्या कारभारावर लोकांची देखरेख आणि समाजातील गुन्ह्यांविषयीची माहिती. तथापि हीच नोंद अटक झालेल्या व्यक्तीच्या लौकिकास कायमची बाधा आणू शकते. या दोन बाजूंतील ताण हा या विषयाचा गाभा आहे.

काउंटी व शेरीफ : काउंटी हा राज्याचा प्रशासकीय उपविभाग असून देशात अशा व तत्सम घटकांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. लुइझियानात त्यास ‘पॅरिश’, तर अलास्कात ‘बरो’ म्हणतात. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत. त्यांच्यातील विषमता मोठी आहे : २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीची लोकसंख्या ४७ लाखांहून अधिक, तर लव्हिंग काउंटीची केवळ ६४ भरली. प्रत्येक काउंटीत मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेला शेरीफ असतो. काउंटीचा तुरुंग सामान्यतः त्याच्याच ताब्यात असल्याने तुरुंगप्रवेश-नोंदींचा अभिरक्षकही तोच ठरतो. ‘शेरीफ’ हा शब्द इंग्लंडमधील ‘शायर’ या प्रादेशिक विभागावर नेमलेल्या ‘रीव्ह’ या राजाधिकाऱ्याच्या पदनामावरून बनला आहे.

काउंटीचा तुरुंग व राज्याचे कारागृह यांत भेद आहे. तुरुंगात मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी व सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचे बंदी असतात. दीर्घ शिक्षेच्या कैद्यांना कारागृहात धाडले जाते. त्यामुळे तुरुंगाच्या यादीत नाव असणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. ज्या लहान काउंट्यांचा स्वतःचा तुरुंग नसतो, त्या आपले बंदी कराराने शेजारच्या काउंटीत ठेवतात. अशा वेळी अटकेची नोंद एका ठिकाणी व तुरुंगप्रवेशाची दुसऱ्या ठिकाणी सापडते. अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड व व्हरमाँट या राज्यांत तुरुंग व कारागृहे यांची व्यवस्था प्रामुख्याने राज्याकडे एकत्रित असल्याने तेथे ही माहिती राज्याच्या सुधारगृह खात्याकडे मागावी लागते.

नोंदीचे स्वरूप : तुरुंगप्रवेश-नोंदीत सामान्यतः व्यक्तीचे नाव व टोपणनावे, वय, उंची, वजन इ. शारीरिक वर्णन, अटकेची तारीख, वेळ व स्थळ, अटक करणारी यंत्रणा, आरोपांची नावे, जामिनाची रक्कम, नोंद क्रमांक आणि सुटका वा स्थानांतर झाल्यास त्याचा दिनांक असतो. छायाचित्र व बोटांचे ठसे याच वेळी घेतात, तसेच अंगावरील वस्तूंची यादी करतात. समोरून व बाजूने छायाचित्र घेण्याची पद्धत फ्रेंच गुन्हेशास्त्रज्ञ आल्फाँस बेर्तियाँ याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रमाणित केली. ठशांच्या वर्गीकरणाच्या ज्या हेन्री पद्धतीचा अमेरिकेत दीर्घकाळ वापर झाला, तिच्या सिद्धतेत कलकत्ता येथील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

कायदेशीर आधार : १९६६ चा संघीय माहिती-स्वातंत्र्य अधिनियम केवळ संघीय कार्यालयांस लागू आहे, काउंटीच्या शेरीफला तो लागू होत नाही. तेथे राज्याचा कायदा पाहावा लागतो. टेक्सस विधिमंडळाने शार्प्सटाउन येथील बँक व भागव्यवहार यांतील गैरप्रकारांनंतर १९७३ मध्ये अभिलेख खुले करणारा अधिनियम संमत केला. पुढे तो सार्वजनिक माहिती अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला. चालू तपासास बाध आणणारी माहिती रोखून धरण्याची मुभा या कायद्याने पोलिसांना दिली आहे. परंतु अटक केलेली व्यक्ती, अटक व गुन्हा यांविषयीची मूलभूत माहिती या अपवादात मोडत नाही. या भेदाचा पाया ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ वृत्तपत्राच्या कंपनीने ह्यूस्टन शहराविरुद्ध चालविलेल्या दाव्यातील १९७५ च्या निर्णयाने घातला. गुन्ह्याच्या अहवालाचे दर्शनी पान व अटकेची दैनंदिन नोंद खुली, मात्र व्यक्तीच्या पूर्वीच्या सर्व अटकांचा संकलित इतिहास खुला नाही, असे न्यायालयाने ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये वार्ताहर समितीच्या प्रकरणात संघीय अधिनियमाखाली जवळपास हाच निष्कर्ष काढला. ठिकठिकाणी विखुरलेल्या नोंदी आणि त्या एकत्र करून तयार झालेला व्यक्तीचा चरित्रपट यांत खाजगीपणाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, असे न्यायालयाचे मत होते. तत्पूर्वी १९७६ मध्ये पॉल विरुद्ध डेव्हिस या खटल्यात, पोलिसांनी एखाद्याच्या अटकेस प्रसिद्धी दिली एवढ्याने त्याच्या संविधानात्मक हक्कांचा भंग होत नाही, असा निर्णय झाला होता.

माहिती मिळविण्याची रीत : अनेक शेरीफ-कार्यालये आज बंद्यांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. लहान काउंट्यांत अशी सोय असेलच असे नाही. तेथे दूरध्वनीने चौकशी करणे किंवा कार्यालयात जाणे हाच मार्ग उरतो. प्रथम अटक कोणी केली हे ठरवावे लागते, कारण शेरीफ, नगर-पोलीस व राज्याचे महामार्ग-पोलीस यांचे अटक-अहवाल स्वतंत्र असतात. बंदी मात्र बहुधा एकाच काउंटी-तुरुंगात येतात. अनौपचारिक चौकशीस नकार मिळाल्यास लेखी अर्ज करावा लागतो. अर्जात व्यक्तीचे पूर्ण नाव, अंदाजे तारीख व हवा असलेला कागद यांचा निर्देश असावा. मागणीचा हेतू विचारण्याचा अधिकार कार्यालयास नाही. माहिती रोखावयाची असल्यास दहा कामकाजी दिवसांच्या आत राज्याच्या महान्यायवाद्याकडे निर्णय मागावा लागतो. तसे न केल्यास ती माहिती सार्वजनिक असल्याचे गृहीत धरले जाते. साध्या प्रतीचे शुल्क पानास दहा सेंट आहे.

अटकेपुढे काय घडले हे शेरीफच्या नोंदीतून कळत नाही. त्यासाठी न्यायालयीन अभिलेख पाहणे आवश्यक असते. किरकोळ गुन्ह्यांचे कागद काउंटी-लिपिकाकडे व गंभीर गुन्ह्यांचे जिल्हा-लिपिकाकडे असतात. आठ हजारांहून कमी लोकसंख्येच्या काउंटीत सामान्यतः ही दोन्ही पदे एकच व्यक्ती सांभाळते. केवळ दंडास पात्र असलेली प्रकरणे शांतता-न्यायाधीशाकडे किंवा नगर-न्यायालयाकडे जातात. न्यायालये सार्वजनिक माहिती अधिनियमाच्या कक्षेबाहेर असून त्यांच्या अभिलेखांस निराळे नियम लागू होतात. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडून शुल्क भरून कोणासही दोषसिद्धीचा शोध घेता येतो. पण केवळ अटक होऊन प्रकरण मिटले असल्यास ते या शोधात उघड होत नाही.

पीडितांच्या दृष्टीने सुटकेची नोंद अटकेइतकीच महत्त्वाची ठरते. केंटकी राज्यातील जेफरसन काउंटीत १९९३ मध्ये एका तरुणीवर अत्याचार करणारा आरोपी तुरुंगातून सुटल्याचे तिला कळले नाही व त्याने तिची हत्या केली. त्यानंतर १९९४ मध्ये तेथे सुटकेची सूचना दूरध्वनीने आपोआप देणारी यंत्रणा सुरू झाली व पुढे ती बहुतेक राज्यांत पसरली.

मर्यादा : अल्पवयीनांच्या नोंदी सामान्यतः गोपनीय असतात. संघीय शासनाच्या वतीने काउंटीच्या तुरुंगात ठेवलेल्या स्थलांतरितांची माहिती संघीय नियमान्वये स्थानिक कार्यालयास देता येत नाही. आरोप फेटाळला गेल्यास वा व्यक्ती निर्दोष ठरल्यास, कायद्यातील अटी पूर्ण होत असतील तर न्यायालयाच्या आदेशाने नोंद नष्ट करवून घेता येते. काही प्रकरणांत ती लोकांपुरती झाकण्याचा आदेश मिळतो. मात्र असे आदेश प्रायः मागणीवाचून मिळत नाहीत आणि पूर्वी प्रसिद्ध झालेल्या प्रतींपर्यंत ते सहसा पोहोचत नाहीत.

चुका व दुरुपयोग : नोंदीतील चूक किती महाग पडते, हे टेक्ससच्या ग्रामीण भागातील गिलेस्पी काउंटीच्या प्रकरणावरून दिसते. २००२ मध्ये तेथे एका रहिवाशास, तो पूर्वी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला असूनही शस्त्र बाळगतो, अशा समजुतीने पकडण्यात आले. वस्तुतः कॅलिफोर्नियातील तो जुना आरोप फेटाळला गेला होता; संगणकीय नोंद चुकीची होती. त्याने वारंवार मागूनही त्यास शासकीय खर्चाने वकील मिळाला नाही. पुढे दोषारोप ठेवला जाऊन त्याला पुन्हा अटक झाली व वाढविलेला जामीन न भरता आल्याने त्याने तीन आठवडे तुरुंगात काढले. अखेर नेमलेल्या वकिलाने मूळ कागद मिळविताच आरोप काढून टाकण्यात आला. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, दंडाधिकाऱ्यापुढील पहिल्या उपस्थितीपासूनच वकिलाचा हक्क लागू होतो, असा निर्णय दिला. जी चूक एका नोंदीने केली ती दुसऱ्या नोंदीने दुरुस्त झाली. पण मूळ कागदापर्यंत पोहोचणारा कोणीतरी असावा लागला.

महाजालामुळे पूर्वी कचेरीतील वहीत राहणारी नोंद कोणाच्याही हाती क्षणात येऊ लागली. बंद्यांची छायाचित्रे गोळा करून प्रसिद्ध करणे व ती काढून टाकण्यासाठी पैसे मागणे, असा धंदाही उदयास आला. टेक्ससने २०१३ मध्ये कायदा करून त्यास आळा घातला. यूटा राज्याने २०२१ मध्ये दोषसिद्धीपूर्वी अशी छायाचित्रे प्रसृत करण्यावर निर्बंध आणले. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ठरावीक नोंदी अर्जावाचून आपोआप झाकण्याची तरतूद केली. असे करणारे ते पहिले राज्य होय. ग्रामीण भागात या प्रश्नाची तीव्रता अधिक असते. लहान वस्तीत सर्व एकमेकांस ओळखतात, स्थानिक साप्ताहिक तुरुंगाची यादी छापते, परंतु पुढे आरोप फेटाळला गेल्याची वार्ता तितक्या ठळकपणे येतेच असे नाही.

भारतातील तरतूद : भारतात डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अटकेची माहिती आप्तांना देण्याविषयी व ती पोलीस नियंत्रण कक्षात दर्शविण्याविषयी निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ अन्वये अटक केलेल्यांची नावे, पत्ते व आरोपित गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे दर्शविणे आवश्यक आहे. दोन्ही देशांतील व्यवस्थांचा हेतू एकच आहे : अटक लपून राहू नये. मात्र अशी नोंद वाचणाऱ्याने ती एका दिवशी केलेल्या आरोपाची साक्ष म्हणून वाचावी. निकाल न्यायालयाच्या अभिलेखातच शोधावा लागतो.