जस्ती हाळाचा स्नानटब : एक हिशेब

बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद आणि आळंद या आमच्या सीमाभागात ज्या व्यापारी कुटुंबांची शेतीही आहे, त्यांच्या गोठ्यापाशी गुरांना पाणी पाजण्याचा हाळ हमखास दिसे. पूर्वी तो दगडी असे. पुढे जस्ती पत्र्याचा आला. बैलांची कामे ट्रॅक्टरकडे गेली, तसे कित्येक हाळ रिकामे पडले. भंगारात देण्यापेक्षा त्याचा स्नानासाठी टब करावा, हा विचार व्यापारी वृत्तीस शोभणाराच आहे. अमेरिकेत पत्र्याचे असे हौद पुष्कळ घरांतून या कामी येतात. आपल्याकडेही ते साधेल. मात्र जस्त, वजन, वीज आणि पाणी यांचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

प्रथम जस्त. लोखंडी पत्रा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळत्या जस्तात बुडवला की त्यावर मुलामा चढतो. पुढे ओल लागली असता जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. आपल्या बिदरी कामातही मुख्य धातू जस्तच असून त्यात थोडे तांबे असते. किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने तो धातू काळा होतो, चांदीची नक्षी मात्र शुभ्र राहते. क्षारांचा या धातूवर कसा परिणाम होतो, हे बीदरकरांस निराळे सांगावयास नको. यास्तव टब घासण्यास आम्ल किंवा तीव्र सोडा वापरू नये. साधा साबण व काथ्या पुरे. आतून गंज धरलेला हाळ मुळीच घेऊ नये. जुना रंग असल्यास त्यात शिसे असू शकते. तो कोरडा खरवडू नये.

निचऱ्यासाठी तळाशी, सांधा टाळून, गिरमिटाने भोक पाडावे, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात आणि दोन्ही बाजूंनी रबरी चकत्या देऊन प्लॅस्टिकची तोटी आवळावी. पितळी तोटी पत्र्यास थेट टेकली, तर तेथील जस्त लवकर झिजते. वेल्डिंग शक्यतो टाळावे; जस्ताचा धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. काठावर लांबीत चिरलेली रबरी नळी बसवली म्हणजे हातपाय कापत नाहीत.

आता वजन. चार फूट लांब व दोन फूट रुंद टबात एक फूट पाणी भरले, तर ते आठ घनफूट, म्हणजे सुमारे २२६ लिटर होते. पाण्याचेच वजन २२६ किलो. त्यात माणूस व टब धरता तीनशे किलोंच्या घरात जाते. सबब जुन्या वाड्याच्या माळवदावर हा टब कदापि ठेवू नये. तळमजल्यावर, पक्क्या फरशीवर, लाकडी फळ्या घालून ठेवावा; फळ्यांमुळे पाणी निवण्यासही थोडा वेळ लागतो.

सर्वांत मोठा धोका विजेचा. पत्र्याच्या टबात पाणी तापविण्याची विजेची सळई कधीही सोडू नये. सळईत दोष असल्यास टब व पाणी दोन्हींत वीज उतरून जीव जाऊ शकतो. खाली जाळही करू नये. बंबात तापवलेले पाणीच आणावे. आधी थंड, मग गरम ओतावे. स्नान होताच टब रिकामा करावा, कारण वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

शेवटी पाणी. बादलीभर, म्हणजे पंधरा ते वीस लिटरांत एकाचे स्नान होते. त्या मानाने एक भरलेला टब अकरा ते पंधरा जणांचे पाणी घेतो. ज्या बीदरमध्ये पंधराव्या शतकात, बहामनी काळात, जांभा खडक खोदून भुयारी कालव्याने पाणी आणावे लागले, तेथे हा खर्च क्षुल्लक नव्हे. पत्रा जुना म्हणून टब स्वस्त पडतो. त्याचे खरे मोल पाण्यात आहे. गाळलेल्या पाण्याचा थेंबही जपावा, असे आपल्या घरांतील वळण आहे. ते स्मरून रोजच्या स्नानास बादलीच ठेवावी; सांधे धरलेल्या वृद्धांस शेक घ्यावयाचा असल्यास टब अर्धा भरावा, त्यांस आत उतरताना व बाहेर येताना हात द्यावा, आणि साबण न लावलेले पाणी झाडांस घालावे. आणि दारी गुरे असतील, तर हाळ त्यांचाच राहू द्यावा.