यशवंतपूरच्या रिक्षांमधलं ‘जोतेयली’

नोव्हेंबरात बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनाबाहेर पडलं, की रिक्षांवर लाल-पिवळे झेंडे दिसतात आणि मागच्या काचेवर एका तरुण नटाचा चेहरा. झेंडे १ नोव्हेंबरच्या कन्नड राज्योत्सवाचे. चेहरा शंकर नागचा, त्याचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा. १९८० साली ‘ऑटो राजा’ या चित्रपटात तो रिक्षावाला झाला आणि तेव्हापासून इथल्या रिक्षावाल्यांनी त्याला आपला मानलं. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात तो गेला. वय अवघं ३५. आजही शहरात जागोजागी रिक्षास्टँडवर त्याचं नाव रंगवलेलं असतं. आणि रिक्षात जुनी गाणी लागली, तर ‘जोतेयली’ लागल्याशिवाय राहत नाही. कित्येक वर्षं मी या गाण्याच्या मागे आहे.

आपल्याकडे शंकर नाग म्हटलं की ‘मालगुडी डेज’ आठवते. पण हा माणूस मुंबईच्या रंगभूमीवर घडला, मराठी नाटकांत रमला. जयू आणि नचिकेत पटवर्धनांच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता. त्याची बायको अरुंधती हिची आणि त्याची भेटही मुंबईच्या नाटकांतलीच. मग गिरीश कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’मुळे तो कन्नड पडद्यावर आला आणि तिथलाच झाला.

१९८१ मध्ये त्याने ‘गीता’ दिग्दर्शित केला. ‘जोतेयली’ याच चित्रपटातलं. नायक तोच. नायिका अक्षता राव, म्हणजे अरुंधतीची बहीण. प्रेमकथा आणि नायिकेला दुर्धर आजार. त्या काळात असे चित्रपट बरेच निघत, कथेबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं नाही. संगीत मात्र इलैयाराजांचं. ‘अन्नक्किळी’पासून पाचच वर्षांत तमिळ चित्रसंगीताचा चेहरामोहरा पालटून टाकणारा हा माणूस तेव्हा ऐन भरात होता. शब्द चि. उदयशंकर यांचे, आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि एस. जानकी यांचे. दोघांचीही मायबोली तेलुगू, पण कन्नड माणूस त्यांना परके मानायला आजही तयार नाही.

‘जोतेयली’ हे सोबतीचं गाणं आहे. शब्दांत सोबत आहेच, चालीतही आहे. दोघं आळीपाळीने गातात. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज हसत येतो आणि जानकी तेच सूर अशा हलक्या हाताने उचलतात, की पुन्हा त्याचं उत्तर ऐकावंसं वाटतं. या चालीचं सुख त्या देवाणघेवाणीत आहे, असं माझं ठाम मत आहे आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्या मी याच कसोटीवर ऐकतो.

पहिली आवृत्ती तीन वर्षांनी आली. १९८४ साली मणिवण्णन यांच्या ‘नूरावदु नाळ’ या तमिळ चित्रपटात इलैयाराजांनी हीच चाल ‘विळियिले’ या गाण्याला दिली. चित्रपट खुनाच्या रहस्याचा, अंगावर काटा आणणारा. आणि त्यात हे निरागस युगुलगीत! गायक तेच दोघे. शब्द बदलले, भाषा बदलली, पण संवाद शाबूत राहिला. म्हणून ही आवृत्ती मला सख्खी वाटते.

चालीवर नवे शब्द बसवणं यात कुणी नाक मुरडावं असं काही नाही. जुन्या मराठी संगीत नाटकांची पुस्तकं काढून बघा: पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असत. आपल्या नाट्यसंगीतात कर्नाटकी चालीही आल्या आणि मराठी होऊन बसल्या. शिवाय इलैयाराजा तर स्वतःचीच चाल वापरत होते.

हिंदीत ती यायला २००७ उजाडलं. आर. बाल्की यांच्या ‘चीनी कम’मध्ये ‘जाने दो ना’ म्हणून. इथे लय सैल झाली, आणि गाणं श्रेया घोषाल यांनी एकटीने गायलं. गायलंय फारच सुंदर, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. पण उत्तर देणारा आवाजच गेला! जी चाल दोघांची होती ती एका मनातली कुजबुज झाली. मला ते चुकल्यासारखं वाटतं.

बाल्कींचा विषय निघालाच आहे, तर एक आडवळण घेतो. त्यांच्या २००९ च्या ‘पा’मध्ये अरुंधती नाग होत्या आणि त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटातल्या ‘गुम सुम गुम’ची चाल इलैयाराजांनी १९८२ मध्ये मल्याळम ‘ओळंगळ’साठी आणि तमिळ ‘ऑटो राजा’साठी वापरली होती. हा तमिळ ‘ऑटो राजा’ शंकर नागच्याच कन्नड चित्रपटावरून बेतलेला. नवऱ्याच्या चित्रपटाच्या तमिळ अवतारातली चाल सत्तावीस वर्षांनी बायकोच्या हिंदी चित्रपटात वाजली. हे धागे जुळले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

मराठीशी आणखी एक गाठ आहे. २०१८ ची आपली ‘तुला पाहते रे’ ही मालिका पुढच्याच वर्षी कन्नडमध्ये गेली, तेव्हा तिचं नाव ठेवलं ‘जोते जोतेयली’. या नावाचा कन्नड चित्रपटही २००६ साली येऊन गेला होता.

पण खऱ्या आवृत्त्या ऐकायच्या तर राज्योत्सवाचा ऑर्केस्ट्रा गाठावा. यशवंतपूरच्या एका गल्लीतला मांडव मला आठवतो: रस्ता अडवून उभारलेलं स्टेज, दिव्यांच्या माळा, लाल-पिवळ्या पताका. व्हायोलिनांचा अख्खा ताफा एका कीबोर्डवर. गायकाच्या हातात वही, पण नजर गायिकेकडे. तिचा वरचा सूर किंचित चिरकला, तेव्हा समोरच्या खुर्च्यांतल्या बायकांनी तिची ओळ उचलून पुरी केली, आणि पुढची ओळ कडेला उभ्या असलेल्या खाकी शर्टांतल्या रिक्षावाल्यांनी. ‘चीनी कम’मध्ये हरवलेला दुसरा आवाज तिथे शंभर गळ्यांतून येत होता. माझ्या लेखी ‘गीता’नंतरची सर्वांत चांगली आवृत्ती तीच.

या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन बसाल तेव्हा तिन्ही गाणी एका बैठकीत ऐका. आधी ‘गीता’तलं, मग ‘नूरावदु नाळ’मधलं, हिंदी शेवटी. कन्नड येत नसलं तरी अडत नाही. आणि नोव्हेंबरात बेंगळुरूला जाणं झालंच, तर एक संध्याकाळ यशवंतपूरसाठी राखून ठेवा.