लवंगेचे तेल आणि माशाचे रक्त

मी कापडाचा व्यापारी. माशाशी माझा संबंध ताटापुरता. पण गेल्या पावसाळ्यात इंदापूरकडच्या माझ्या साडूंनी शेततळ्यात रोहू-कटल्याचे बोटुकली आकाराचे बीज सोडले आणि आठवड्यात निम्मे मेले. बीज देणाऱ्याने प्रवासात मासे उसळू नयेत म्हणून पिशवीच्या पाण्यात लवंगेचे तेल टाकले होते. मासे किती शांत आहेत, म्हणून साडू उलट खूश झाले होते. रक्कम बुडाली तेव्हा मी चौकशीला लागलो.

लवंगेच्या तेलात मुख्य अंश युजेनॉलचा. दाढ दुखली की आपण त्याचाच बोळा ठेवतो. मासा ते कल्ल्यांतून घेतो आणि त्याला भूल चढते. जगभर मासे वजन करताना, अंडी काढताना भूल देतात आणि बेताची मात्रा फायद्याचीच असते. हाताळणीने मासा घाबरला की रक्तात कॉर्टिसोल आणि साखर वाढते. हलक्या भुलेत ही वाढ पुष्कळदा कमी राहते.

मात्रा वाढली किंवा वेळ लांबला की गणित उलटते. कल्ल्यांची हालचाल मंदावते, रक्तात प्राणवायू घटतो, कर्बवायू साठतो, रक्त आम्ल होते. मग प्लीहा आपला साठा रक्तात सोडते, तांबड्या पेशी फुगतात आणि तपासणीत रक्त दाट दिसते. अनाडी माणूस त्याला तब्येत समजेल! आमच्या धंद्यात विरळ कापडाला कांजी देऊन भरीव दाखवतात, तोच प्रकार. ताण टिकला तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणून मासा पिशवीत नव्हे, तळ्यात गेल्यावर चार दिवसांनी मरतो आणि दोष तळ्याच्या पाण्यावर येतो.

आणखी एक गोष्ट रंगारी बांधवांना लगेच पटेल. हे तेल पाण्यात विरघळत नाही. आधी अल्कोहोलमध्ये मिसळावे लागते. नाहीतर रंग न विरघळल्यास कापडावर डाग पडतात, तसे एका कोपऱ्यात तेल जास्त, दुसरीकडे काहीच नाही. पूर्ण भुलेसाठी गोड्या पाण्यातील माशांना लिटरमागे साधारण 40 ते 60 मिलिग्रॅम वापरतात, तेही काही मिनिटे. लांबच्या वाहतुकीला याचा थोडा अंशच चालतो. बाटलीच्या बुचाने माप घेणाऱ्याला हे कोण सांगणार?

खाण्याच्या माशाची बाब वेगळी. परदेशात ट्रिकेन नावाचे भुलीचे औषध चालते. अमेरिकेत ते दिल्यावर 21 दिवस मासा खाण्यासाठी विकता येत नाही. भिगवणची चिलापी असो की गणेश पेठेतला रोहू, गिऱ्हाइकाला हे विचारण्याचा हक्क आहे. शंका असल्यास मुंबईत वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

यंदा साडूंनी बीज बिनतेलाचे मागवले. एक दिवस उपाशी ठेवलेले, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, पहाटेच्या गारव्यात आणलेले. पिशव्या आधी तासभर तळ्यात तरंगत ठेवल्या, मग तोंडे सोडली. मेलेले मासे या खेपेस त्यांनी वहीत मांडले आहेत. पहिल्या आठवड्याचा आकडा 11.