हलकं सामान घेतलेला जंतू

2010 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता एमआरएसए, म्हणजे मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. इस्पितळांत मुरलेला जुना वाण होता एसटी 239. आता मुंबईत एसटी 22 आणि एसटी 772 हे नवे वाण डोकं वर काढू लागले होते, अशी ती नोंद. ठाणे-कल्याणकरांनी ती आपलीच समजावी. शस्त्रक्रिया मुंबईत, टाके काढायचे ते डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये, हा इथला रिवाज आहे.

नव्या वाणांचं बळ कशात आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. पेनिसिलीन जंतूची बाहेरची भिंत विणणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि विणकाम बंद पाडतं. स्टॅफनं आधी पेनिसिलीनच तोडणारं विकर काढलं. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हा लंडनच्या वॉर्डांत पेनिसिलीनची पहिली हार होऊनही गेली होती. 1959 मध्ये त्या विकराला पुरून उरणारं मेथिसिलीन आलं. 1961 मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणारे स्टॅफ नोंदवले. म्हणजे नव्या औषधाला उणीपुरी दोन वर्षं मिळाली!

या खेपेला युक्ती वेगळी होती. मेकए नावाचं जनुक विणकामाचं एक पर्यायी प्रथिन तयार करतं. औषध त्याला धड चिकटत नाही, भिंत बिनबोभाट पुरी होते. त्यामुळे एक औषध नाही, क्लॉक्सासिलिनपासून सेफॅलेक्सिनपर्यंत जवळजवळ सगळं घराणंच निकामी ठरतं. हे जनुक एकटं हिंडत नाही. डीएनएच्या एका सरकत्या तुकड्यात बसून येतं, त्याला कॅसेट म्हणतात. एसटी 239 ची कॅसेट लांबलचक, सोबत इतर औषधांविरुद्धची जनुकंही बाळगणारी. एसटी 22 आणि एसटी 772 च्या कॅसेट आटोपशीर. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये ट्रंक घेऊन चढणारा आणि खांद्याला नुसती पिशवी अडकवलेला, यांत जो फरक, तोच इथे. औषधांचा मारा असलेल्या वॉर्डात बोजड जंतू टिकतो. बाहेर, धडधाकट माणसांत, हलका पुढे जातो, आणि आता तो इस्पितळांतही शिरला आहे. म्हणूनच 'हा इस्पितळातला, तो बाहेरचा' ही वाटणी आता फारशी उरलेली नाही.

स्टॅफ मुळात राहतो नाकात. साधारण तीनांतल्या एकाच्या नाकात तो काही त्रास न देता असतो. तिथून बोटांवर आणि बोटांवरून दुसऱ्याच्या जखमेत. देशातल्या 15 केंद्रांनी 2008-09 मध्ये तपासलेल्या स्टॅफपैकी 41 टक्के एमआरएसए निघाले. 'पेशंटनं कोर्स अर्धवट सोडला' हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू पोचवणारे हात पेशंटचे नसतात. इंग्लंडनं 2001 पासून रक्तातल्या एमआरएसएची नोंद रुग्णालयांना सक्तीची केली, 2004 मध्ये प्रमाण निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठलंही. त्यासाठी कुठलं नवं औषध निघालं नव्हतं. भर होता हात धुण्यावर, सलाइनच्या नळ्यांच्या निगेवर आणि जाहीर आकड्यांवर.

आपल्याकडे नातेवाइकांचा भर 'हायर अँटिबायोटिक'वर. पस कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर गंभीर रुग्णाला एमआरएसएवरही चालणारं व्हँकोमायसिन सुरू करणं रास्तच. लॅबमध्ये जंतूंच्या थरावर सेफॉक्सिटिनची चकती ठेवतात. भोवतीचं स्वच्छ वर्तुळ 22 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असलं, तर हा स्टॅफ एमआरएसए नाही. अशा वेळी व्हँकोमायसिन चालूच ठेवण्यापेक्षा सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिनवर येणं रुग्णाच्या अधिक हिताचं असतं, कारण साध्या स्टॅफला ही जुनी, स्वस्त औषधं जास्त चांगली मारतात. नेमकं तेव्हाच घरचे विचारतात, "डॉक्टर, औषध हलकं का केलंत?"