विश्लेषण : इंजिन सुरू, पण बोट हलेना! पुराआधी बोटीच्या ड्राइव्हची झीज कशी ओळखायची?

हिमायतनगर : इसापूर धरणातून पाणी सोडले की पैनगंगाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. नदीच्या अलीकडे हदगाव, हिमायतनगर, तर पलीकडे विदर्भातील उमरखेड तालुका. पाणी गावात शिरले तर बोट लागते. वर्षातील बहुतेक काळ गोदामात पडून असलेल्या बोटीचे इंजिन त्या वेळी सुरूही होते, पण कधी गिअर पडत नाही, तर कधी पंखा फिरूनही वेग मिळत नाही. असा दोष अनेकदा इंजिनात नसतो. तो इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागात, म्हणजे ड्राइव्हमध्ये असतो. ही झीज आधी ओळखता येते का, ते पाहू.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे (एसडीआरएफ) तळ धुळे आणि नागपूर येथे आहेत, तर एनडीआरएफची तुकडी पुण्याहून येते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव परिसरात पूर आला, तेव्हा एसडीआरएफसह लष्करालाही पाचारण करावे लागले. बाहेरून मदत येईपर्यंतचे काही तास स्थानिक बोटीवरच भागवावे लागतात. त्या तासांत बोट बंद पडली, तर तिथे दुसरी बोट मिळेलच असे नाही.

ड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

बचाव पथकांच्या रबरी बोटींना सहसा आउटबोर्ड मोटर (ओबीएम) असते. तिच्यात इंजिन वर आणि खाली पाण्यात जाणारा पाय. मोठ्या स्पीडबोटींमध्ये स्टर्नड्राइव्हही वापरतात. त्यात इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला असते आणि फक्त ड्राइव्हचा पाय बाहेर असतो. ही रचना व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणली.

दोन्हींचा खालचा भाग जवळपास सारखाच. उभा शाफ्ट, पिनियन, पुढचा व मागचा गिअर आणि पंख्याचा शाफ्ट. फिरण्याची दिशा ९० अंशांत वळवण्याचे हे काम ट्रॅक्टरमध्ये क्राऊन-पिनियन करते. फरक इतकाच की, इथे ही सगळी यंत्रणा पाण्यात बुडालेली असते. तेल आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचे काम काही रबरी ऑईल सील करतात.

झीज कशामुळे होते?

पुराचे पाणी गाळ आणि वाळूने भरलेले असते. ही वाळू कूलिंग पंपातील रबरी इम्पेलर झिजवते. वाहून आलेली नायलॉनची दोरी, जाळी किंवा पोत्याचे धागे पंख्यामागे गुंडाळले जातात आणि सील कापतात. सीलमधून पाणी आत गेले की तेलाचा वंगणपणा जातो, बेअरिंग गंजते आणि गिअरचे दात खराब होतात. बोट नुसती उभी ठेवली तरी सुटका नसते. इम्पेलरची पाती एकाच स्थितीत दबून राहतात आणि आत शिरलेले पाणी गंज चढवत राहते.

तेलावरून काय कळते?

सर्वांत सोपी आणि खात्रीची तपासणी म्हणजे गिअर ऑईल. बोट काही तास उभी ठेवून खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करावा.

- आधी पाणी आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर सील गेले आहे.
- तेल काळे आणि जळकट वासाचे असेल, तर ते जुने झाले आहे किंवा ड्राइव्ह तापला आहे.
- स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे सामान्य आहे. धातूचे कण किंवा तुकडे असतील, तर गिअर किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. अशी बोट चालवू नये.

लक्षण एक, दोष कोणता?

- इंजिनाचा आवाज वाढतो, बोट वेग घेत नाही : पंख्याच्या मधला रबरी हब घसरत असावा. हबच्या आतल्या व बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोट चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर हब घसरतो आहे.
- गिअर टाकताना कडकड, किंवा गिअर आपोआप सुटतो : डॉग क्लचच्या कडा गोल झाल्या असाव्यात, किंवा केबलचे सेटिंग बिघडले असावे. गिअर हळूहळू सरकवत टाकल्यानेच या कडा झिजतात. इंजिन आयडलवर आणून गिअर एका झटक्यात टाकावा.
- मागून पडणारी पाण्याची धार बारीक किंवा बंद : इम्पेलर झिजला आहे किंवा मार्गात गाळ अडकला आहे. इंजिन तत्काळ बंद करावे.
- वळताना खटखट : स्टर्नड्राइव्हमध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजेच पीटीओ शाफ्टला असतो तसा ‘क्रॉस’, गेलेला असू शकतो. सतत घरघर येत असेल, तर गिम्बल बेअरिंग तपासावे.

स्टर्नड्राइव्हमधील घड्यांचे रबरी बेलोज दरवर्षी हाताने दाबून, घड्या उघडून पाहावेत. ते फाटले तर पाणी थेट बोटीत शिरू शकते.

दुरुस्ती गावात की वर्कशॉपमध्ये?

तेल, ड्रेन स्क्रूचे वॉशर, इम्पेलर आणि पंखा बदलणे ही कामे सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून अनुभवी मेकॅनिक करू शकतो. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे आणि वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरत राहावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

सील बदलताना शाफ्टवर नख फिरवावे. खाच लागली, तर नवे सीलही गळणार. काम झाल्यावर तेल भरण्याआधी मॅन्युअलमधील मर्यादेइतकीच हवा भरून साबणाचे पाणी लावावे. पंक्चर काढताना ट्यूब तपासतात, तसेच बुडबुडे पाहायचे.

गिअर आणि बेअरिंग बदलणे मात्र अधिकृत वर्कशॉपवर सोडावे. दातांमधील फट पातळ शिम लावून मिलिमीटरच्या अंशात जुळवावी लागते. अंदाजाने बसवलेला नवा गिअरही लवकरच जातो.

चाचणी कशी घ्यावी?

पाण्याशिवाय इंजिन सुरू करू नये. इम्पेलर काही सेकंदांत जळू शकतो. पाण्याचे पिंप किंवा नळीचे फ्लशर वापरावे. त्यानंतरची चाचणी मोकळ्या पाण्यातच व्हावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिन चाचणीदरम्यान नौदलाच्या स्पीडबोटीवरील नियंत्रण सुटले आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात अनेकांचे प्राण गेले. दुरुस्त केलेल्या बोटीवर पहिल्याच फेरीत लोकांना बसवणे म्हणूनच धोक्याचे.

तपासणी कधी करावी?

मे महिन्यात. गिअर ऑईल साधारणपणे १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यापैकी जे आधी येईल तेव्हा बदलतात. आपत्तीच्या बोटींचे १०० तास क्वचितच भरतात, म्हणून त्यांच्यासाठी वर्षाची अट लागू धरावी. मेमध्ये तेल दुधाळ निघाले, तर सुटे भाग मागवायला वेळ मिळतो. ऑगस्टमध्ये तो मिळत नाही.

पावसाळा संपल्यावर ड्राइव्ह गोड्या पाण्याने धुऊन उभा ठेवावा, टाकीतील जुने पेट्रोल काढावे आणि तेल पुन्हा पाहावे. पाणी शिरलेले तेल तसेच ठेवले, तर पुढच्या पुरापर्यंत बेअरिंग गंजलेले असेल.